पंतप्रधानांचं पहिलं वर्ष: निबंधाला गुण कसे द्यावेत?

देवगडची शिक्षिका

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. गावातल्या वाचनालयाने यंदा अकरावी-बारावीच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा घेतली. विषय मीच सुचवला होता: 'एका पंतप्रधानांचे पहिले वर्ष'. निवडणुकीत काय सांगितलं होतं, लोकांनी किती डोक्यावर घेतलं आणि वर्षभरात हाती काय आलं, एवढं लिहायचं. घराघरांत वाद नकोत म्हणून १९४७ ते २००० या काळातलाच नेता घ्या असं बजावलं होतं.

आता निबंधांचा गठ्ठा समोर आहे आणि गुण द्यायला पेन उचलत नाही. मुलांनी मेहनत घेतली आहे, पण बहुतेकांनी निकाल आधी ठरवला आणि पुरावे नंतर गोळा केले. राजीव गांधींवर सगळ्यात जास्त निबंध आले. ४०४ जागा, तरुण चेहरा, 'मिस्टर क्लीन', संगणक, पक्षांतरबंदी कायदा, सगळं एका दमात यशाच्या खात्यात. नरसिंह रावांवर लिहिणाऱ्यांनी तर शेवट माहीत धरूनच सुरुवात केली आहे. जुलै १९९१ चा अर्थसंकल्प मांडला त्याच संध्याकाळी देश सावरला, असं वाचताना वाटतं.

एक उदाहरण देते. जुलै १९८५ मध्ये राजीव गांधी आणि अकाली दलाचे नेते संत लोंगोवाल यांच्यात पंजाब करार झाला. एका मुलाने ती पहिल्या वर्षातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून लिहिली. दुसऱ्याने तोच करार सर्वांत मोठं अपयश म्हणून लिहिला, कारण २० ऑगस्टला लोंगोवालांची हत्या झाली आणि २६ जानेवारी १९८६ ला चंदीगड पंजाबला मिळायचं होतं ते मिळालं नाही. दोघांच्याही तारखा बरोबर आहेत. मग जास्त गुण कुणाला? एका वर्षाचा निवाडा करताना पुढे काय झालं हे माहीत असलेलं वापरायचं की नाही?

दुसरी अडचण कौतुकाची. त्या काळी अमुक लोकप्रिय होते, सभांना लाखांची गर्दी होती, हे मुलं कामगिरी म्हणून मोजतात. गर्दी हे काम नव्हे हे मी सांगू शकते. पण मग कौतुकाला निबंधात जागाच नाही का? एवढी माणसं एखाद्यावर विश्वास टाकतात ते काहीतरी बघूनच टाकत असणार.

विश्वनाथ प्रताप सिंगांवर तीनच निबंध आले. एकात त्यांना देव केलंय, एकात देशबुडवा. तिसरा एका मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलीचा आहे. तिने शेवटी लिहिलंय, "त्यांचं पहिलं वर्ष पुरं झालंच नाही, म्हणून त्यांना नापास करता येत नाही आणि पासही करता येत नाही." हे वाचून मी गठ्ठा बाजूला ठेवला आणि इथे आले. तिला मी काय शेरा लिहू?

पक्षांची भांडणं इथे कृपया नकोत. निवाडा कसा करायचा ते सांगा.


वाशिष्ठीकाठचा (चिपळूण)

मॅडम, पहिलं वर्ष, पहिले शंभर दिवस ही मापंच मुळात आपली नाहीत. शंभर दिवसांचा हिशेब अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्टपासून सुरू झाला. मार्च १९३३ मध्ये ते आले तेव्हा बँका बंद पडत होत्या. त्यांनी तिथल्या संसदेचं, म्हणजे काँग्रेसचं, खास अधिवेशन बोलावलं आणि जूनच्या मध्यापर्यंत पंधरा मोठे कायदे करून घेतले. त्यातला उद्योगांच्या फेररचनेचा कायदा दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. म्हणजे ज्या शंभर दिवसांचे गोडवे जग आजही गातं, त्यातलाही एक मोठा भाग टिकला नाही. शिवाय तिथे महाभियोग सोडला तर राष्ट्राध्यक्षाला चार वर्षं कुणी हलवू शकत नाही. आपल्याकडे पाठिंबा काढला की खुर्ची गेली.

माझं मत सरळ आहे. पाच वर्षं पुरी होऊ द्यावीत, मग बोलावं. मुलांना पहिल्या वर्षावर लिहायला लावणं म्हणजे घाई शिकवणं.


राजापूरचा जुना कार्यकर्ता

वाशिष्ठीकाठच्या मित्रा, पाच वर्षं थांबायचं म्हटलंस तर पाच वर्षं टिकले नाहीत त्यांचा हिशेब कधीच होणार नाही. आणि मतदार थांबत नाही. तो रोज ठरवत असतो.

बाई, तुमच्या त्या मुलीच्या वाक्याने मला रात्री बराच वेळ जागं ठेवलं, म्हणून सविस्तर लिहितो. १९८९ च्या निवडणुकीत मी राजापूर मतदारसंघात सिंगांच्या जनता दलाचे उमेदवार प्राध्यापक मधू दंडवत्यांच्या प्रचारात होतो. आमच्याकडे गाड्या कमी. यष्टीने जायचं, उतरून घाटी चढायची, वाडीत कुणाच्या तरी पडवीत जेवायचं आणि कंदिलाच्या उजेडात सभा घ्यायची. तेव्हा आम्ही काय काय सांगत होतो ते मला नीट आठवतं. बोफोर्स तोफांच्या खरेदीतले दलाल शोधून काढू. कामाचा हक्क घटनेत घालू. आकाशवाणी-दूरदर्शन सरकारच्या हातातून सोडवू. शेतकऱ्यांचं दहा हजारांपर्यंतचं कर्ज माफ करू. मंडल आयोगाचा अहवाल अमलात आणू. हे सगळं ऐकून घेतल्यावर वाडीतला एखादा म्हातारा विचारायचा, "ते असू दे. रेल्वे कधी?"

त्या प्रश्नाचं वय तुम्हाला सांगायला नको. बॅरिस्टर नाथ पै १९७१ मध्ये गेले, त्यांनी संसदेत त्यासाठी जीव टाकला होता. पुढे दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर दोन इंचांची गादी आली ती त्यांच्यामुळे आणि ती देशभरच्या गरीब प्रवाशाला मिळाली. पण कोकणात चाकरमानी कशेडीच्या घाटातून यष्टीत उलट्या काढतच येत होता.

आणि कौतुक! 'राजा नहीं फकीर है, देश की तकदीर है' ही सिंगांसाठीची उत्तरेतली घोषणा लांज्याच्या बाजारात आमची पोरं द्यायची. हिंदी धड येत नव्हतं त्यांना, तरी द्यायची. उत्तर प्रदेशातल्या मांडा संस्थानच्या राजघराण्यातला माणूस, अर्थमंत्री असताना बड्या उद्योगपतींवर छापे घालतो, संरक्षणमंत्रिपद सोडून बाहेर पडतो, हे बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तो विश्वास खरा होता. त्याची कुणी टिंगल केली तर मला आजही सहन होत नाही.

२ डिसेंबर १९८९ ला शपथ झाली आणि ७ नोव्हेंबर १९९० ला लोकसभेत विश्वासाचा ठराव १४२ विरुद्ध ३४६ मतांनी पडला. एवढाच काळ. आता ह्या काळाला गुण कसे द्यायचे?

मी पुढे पुष्कळ विचार केला आणि माझ्यापुरतं एक ठरवलं. पहिल्या वर्षात फळ शोधायचं नाही. वचन खरं होतं की नुसतं बोलणं होतं हे त्याच वर्षात ओळखता येतं, पुढचं काही माहीत नसताना ओळखता येतं. त्यासाठी बघायचं एवढंच: ह्या कामाला माणूस कोण नेमला, कायदा किंवा संस्था उभी राहिली का, आणि पैसा कुठून येणार हे लिहून ठेवलं का.

कोकण रेल्वे घ्या. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मूळचे मंगळूरचे. दंडवते अर्थमंत्री, रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. तिघांनाही हा किनारा घरचा. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडे थोडे पैसे मिळाले असते तर मार्गाला कित्येक दशकं लागली असती. म्हणून स्वतंत्र महामंडळ काढलं. १९ जुलै १९९० ला त्याची नोंदणी झाली. भागभांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीची रक्कम रोखे विकून उभी करायची. अध्यक्ष म्हणून ई. श्रीधरन आणले, रेल्वेतून निवृत्त होत असलेला माणूस. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणी झाली. दोन महिन्यांच्या आत सरकार गेलं, पण महामंडळ गेलं नाही. पुढे चंद्रशेखर आले, राव आले, देवेगौडा आले, काम चालूच राहिलं. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला तेव्हा पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल होते, सिंगांच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. सातशे चाळीस किलोमीटरच्या आसपास मार्ग, ९१ बोगदे, करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच. हे सगळं नंतरचं. माझं म्हणणं असं की १९९० च्या दिवाळीत, एक रूळही पडलेला नसताना, जाणत्या माणसाला कागद बघून सांगता आलं असतं की ही गाडी येणार.

आता कामाच्या हक्काकडे बघा. तो राष्ट्रपतींच्या अभिभाषणात आला, भाषणांत आला. त्याला ना पैशाची तजवीज, ना अंमलबजावणी करणारी यंत्रणा. आणि आपल्या महाराष्ट्रात तर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्येच झाला होता, त्यासाठी व्यवसाय कर लावला होता. म्हणजे कसं करायचं हे डोळ्यांसमोर होतं. ते केलं नाही. त्या वचनाला त्याच वर्षी शून्य देता आलं असतं आणि आम्ही कार्यकर्त्यांनी ते द्यायला हवं होतं.

मधल्या गोष्टीही आहेत, त्या मुलांना जास्त शिकवतील. आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला, पण तो लागू कधीपासून होणार हे सरकारच्या मर्जीवर सोडलं. लागू झाला तो १९९७ मध्ये. कायदा झाला म्हणून पूर्ण गुण देणारा मुलगा इथे फसेल. बोफोर्सचा गुन्हा सीबीआयने २२ जानेवारी १९९० ला नोंदवला, शपथविधीला दोन महिनेही झाले नव्हते. पहिल्या वर्षाच्या हिशेबात ही नोंद चोख आहे. पुढे आरोपपत्राला १९९९ उजाडलं आणि शेवटी न्यायालयात काय उरलं ते सगळ्यांना माहीत आहे. तो पुढचा दोष १९९० च्या खात्यावर टाकायचा का? मी टाकणार नाही.

आता कौतुकाबद्दल, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. ७ ऑगस्ट १९९० ला त्यांनी मंडल अहवालाच्या अंमलबजावणीची घोषणा केली, केंद्रीय नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के राखीव जागा. जाहीरनाम्यात लिहिलेली गोष्ट केली. आणि ज्यांनी फकीर म्हणून खांद्यावर घेतलं होतं त्यांतल्याच कितीतरी लोकांनी त्याच महिन्यात त्यांचे पुतळे जाळले. वचन मोडलं म्हणून नाही, पाळलं म्हणून! बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. कौतुक निबंधात जरूर यावं, पण मुलाने विचारावं की लोक नेमकं कशाचं कौतुक करत होते? छाप्यांचं आणि राजीनाम्याचं करत होते. जाहीरनाम्याचं ते पान बहुतेकांनी वाचलेलं नव्हतं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात कुणबी समाज एवढा मोठा, त्यांच्या मुलांना केंद्रात राखीव जागा १९९३ पासून मिळू लागल्या, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९२ मध्ये मान्यता दिल्यावर. त्या घरांतून मात्र १९९० मध्ये एक घोषणाही ऐकू आली नव्हती.

आणि १९९१ च्या निवडणुकीत दंडवते पडले. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही ज्यांना राजापूरने निवडून दिलं, ते रेल्वेचं काम सुरू करून आले आणि पडले. शिवारात मोजणीच्या खुंट्या होत्या, लोकांना खुंट्या दिसल्या. मतदार चुकला असं मी कधी म्हटलेलं नाही. जमीन त्याची जाणार होती, भरपाई हातात आली नव्हती, गाडी दिसत नव्हती. पण त्या रात्री मतमोजणीवरून घरी येताना मी फार रडलो.

तुमच्या पंजाब कराराच्या दोन मुलांबद्दल. जो मुलगा लिहील की डिसेंबर १९८५ पर्यंत करारातलं हे झालं होतं, म्हणजे सप्टेंबरात निवडणूक झाली, बर्नालांचं अकाली सरकार आलं. आणि हे व्हायचं होतं, म्हणजे चंदीगड आणि त्याबदल्यात हरियाणाला द्यायची गावं. त्याला जास्त गुण द्या. सही झाली एवढ्यावर खूश होणाऱ्याला कमी, आणि पुढची हत्या करारावर लादणाऱ्यालाही कमी.


मिऱ्या बंदराजवळून

काकांचं लिहिणं दोनदा वाचलं. त्यात एक राहिलं आहे.

माझे अब्बा १९९० मध्ये कुवेतला होते. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा घराआड एक माणूस आखातात होता. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि सगळं तुटलं. फोन लागेना, पत्र येईना. अम्मी रोज बाजारातल्या एसटीडी बूथवर जाऊन उभी राहायची. कुणाच्या तरी भावाचा मुंबईहून निरोप आला तर तो सगळ्या मोहल्ल्याचा निरोप असायचा. दिनाराची किंमत कागदाएवढी झाली, बँकेत ठेवलेले पैसे तिथेच अडकले.

ऑगस्टच्या मध्यात एअर इंडियाची विमानं सुरू झाली. ऑक्टोबरपर्यंत लाखाहून जास्त माणसं आली. अब्बा बसने इराकमधून जॉर्डनला गेले, तिथल्या तळावर बरेच दिवस राहिले आणि अम्मानहून मुंबईला आले. घरी पोचले तेव्हा हातात एक पिशवी होती. त्याआधी परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले होते. सद्दाम हुसेननी त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापला गेला आणि गुजरालांवर पुष्कळ टीका झाली. आमच्या घरात त्या मिठीबद्दल कुणी वाईट बोललं तर अब्बा उठून जायचे.

कुठल्याच जाहीरनाम्यात कुवेत नव्हतं. माणूस, कायदा, पैसा ही काकांची कसोटी वचनांसाठी ठीक आहे, पण न सांगता आलेल्या संकटाला ती पुरत नाही. तिथे बघायचं ते हे, की पहिल्या आठ-पंधरा दिवसांत सरकारने कुणाला आपलं मानलं. ड्रायव्हर, सुतार, घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांची पासपोर्ट मालकाकडे अडकली होती, त्यांना आणायला विमानं गेली.

ह्याच मापाने दुसरी बाजूही मोजावी लागेल हे मला कळतं. सरकार आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, ८ डिसेंबरला, गृहमंत्र्यांच्या मुलीचं श्रीनगरमध्ये अपहरण झालं आणि तुरुंगातल्या पाच अतिरेक्यांना सोडून तिची सुटका केली. जानेवारीत काश्मिरी पंडितांना घरं सोडून पळावं लागलं. आमच्या माणसांना परक्या देशातून आणणारं सरकार त्यांना त्यांच्याच घरात राखू शकलं नाही. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, हे दोन्ही एकाच निबंधात यायला हवं.


कणकवलीचा गटसचिव

बाईंनू, माका थोडा वेगळा सांगूचा आसा. सगळ्यांका समजाक व्हया म्हणान पुढचा शुद्ध मराठीत लिहितंय.

मी विकास सोसायटीत गटसचिव म्हणून नोकरी केली. दहा हजारांची कर्जमाफी आली तेव्हा माझ्याकडे वसुलीची वही होती. काकांच्या कसोटीने ही योजना पहिल्या नंबरात पास होते: पैशाची तरतूद झाली, आदेश निघाले, माफी मिळाली. पण ज्याने बायकोची पाटली गहाण टाकून मार्चअखेर हप्ता भरला त्याला काही नाही, थकवणाऱ्याला माफी. पुढच्या वर्षी मी वसुलीला गेलो की लोक चहा देत आणि हसून म्हणत, "परत माफी येतली मा?" वसुलीची शिस्त मोडली ती वर्षानुवर्षं जागेवर आली नाही. आणि सिंधुदुर्गात मुळात किती जणांना मिळाली? आमच्याकडे सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मे मुंबईत, वाटण्या नाहीत. कर्जच मिळत नव्हतं तर माफ काय होणार? वचन पाळलं हे खरं. वचन चांगलं होतं का, हेही तपासायला नको का?

दुसरी गोष्ट. तिजोरी. ऑगस्टनंतर तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, आणि आधीच्या सरकारांनी कर्ज करून ठेवलं होतं. हे सगळं मान्य. पण सरकारने हात आखडला नाही. मे १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारवर वीस टन सोनं परदेशात विकायची पाळी आली, जुलैत रावांच्या सरकारने आणखी सत्तेचाळीस टनांच्या आसपास गहाण ठेवलं. नरसिंह रावांना शपथ घेताना कुणी फकीर म्हटलं नव्हतं, तकदीरही म्हटलं नव्हतं. ते राजकारण सोडून हैदराबादला जायच्या बेतात होते. एका महिन्यात रुपया दोनदा उतरवला, २४ जुलैला बहुतेक उद्योगांना परवान्याची गरज काढून टाकली. पहिल्या वर्षाचे गुण द्यायचे तर मी त्यांना देईन.

आणि एक गुण घर सांभाळण्याचा असतो. १ डिसेंबर १९८९ ला संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये नेतेपदासाठी हरियाणाच्या देवीलालांचं नाव पुढे केलं, त्यांनी नकार देऊन सिंगांचं नाव सांगितलं, चंद्रशेखर तिथेच संतापून गेले. पहिल्या दिवशी ज्याला फसवलं तोच अकरा महिन्यांनी पक्ष फोडून पंतप्रधान झाला. आपल्या पक्षाच्या १४३ खासदारांना जो एकत्र ठेवू शकत नाही, त्याच्या चांगल्या वचनांना मी किती किंमत द्यायची? दंडवते सरांबद्दल मला आदर आहे, आमच्या घरातली सगळी मतं त्यांनाच होती. पण हा गुण कापायलाच हवा.


मंडणगडहून

इथे कुणी एका गोष्टीचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो.

आमचा तालुका आंबडव्याचा, बाबासाहेबांचं मूळ गाव. १९५६ नंतर आम्ही बौद्ध झालो. महाराष्ट्र सरकारच्या सवलती नवबौद्धांना मिळत होत्या, पण केंद्राच्या यादीत नाही. १९५० च्या आदेशात अनुसूचित जात म्हणजे हिंदू, १९५६ पासून शीखही. बौद्ध नाही. त्यामुळे बँक, रेल्वे, पोस्ट, कुठलाही केंद्राचा अर्ज भरताना माझ्या थोरल्या भावाला 'हिंदू महार' लिहावं लागायचं. दाखल्यावर धर्म बौद्ध असेल तर अर्ज परत. वडील तो अर्ज बघायचे नाहीत, दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे.

१९९० मध्ये ह्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून 'किंवा बौद्ध' असा बदल केला. त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न दिलं आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये त्यांचं तैलचित्र लागलं. चित्राचे आणि पुरस्काराचे फोटो सगळीकडे आले. दुरुस्तीची बातमी आमच्या वस्तीबाहेर फार थोड्यांनी वाचली असेल. माझ्या धाकट्या बहिणीने केंद्राचा पहिला अर्ज भरला तो 'बौद्ध' लिहून.

गटसचिव साहेब, पक्ष त्यांना सांभाळता आला नाही हे मान्य. पण चौतीस वर्षं कुठल्याही भक्कम बहुमताच्या सरकारने हे केलं नव्हतं. बहुमत सांभाळलं त्यांनी ते कशासाठी सांभाळलं, हे पण विचारायला पाहिजे. बाई, कुणाही मुलाच्या निबंधात हे आलं असेल तर मला जरूर कळवा.


देवगडची शिक्षिका

मंडणगडचे दादा, एकाही निबंधात नाही. माझ्याही टिपणांत नव्हतं. शनिवारी वर्गात मी ते वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर 'मंडणगडहून' एवढ्याच नावाने.

निबंधांचं मी असं करते आहे. गुण आत्ता देत नाही, सगळे परत देते. प्रत्येकाने एक तारीख ठरवायची, नेत्याच्या शपथविधीनंतर बरोबर वर्षाची किंवा सरकार पडलं तो दिवस, आणि त्या तारखेला उभं राहून लिहायचं. त्यानंतरचं जे माहीत आहे ते शेवटी वेगळ्या परिच्छेदात. कौतुक आलं तर कशाचं, हेही लिहायचं. आणि ज्या गोष्टीचं वचनही नव्हतं आणि कौतुकही झालं नाही अशी निदान एक शोधायची. गटसचिवांचा मुद्दा, वचन मुळात चांगलं होतं का, हा मी बारावीच्या मुलांसाठी ठेवते. अकरावीला एवढं एकदम झेपणार नाही.

त्या मुलीच्या वहीवर मी लिहिलं आहे, "अकरा महिन्यांत काय झालं ते आधी लिही, पास-नापास नंतर बघू." ती रागावली आहे. तिला तिचं वाक्य आवडलं होतं, आणि ते काढायला मी सांगितलेलं नाही.

राजापूरचे काका, एक विचारायचं आहे. मुलांनी त्या वेळचं मूळ काय वाचावं? आमच्या वाचनालयात त्या काळची वर्तमानपत्रं नाहीत, वाळवीने खाल्ली.


राजापूरचा जुना कार्यकर्ता

बाई, लोकसभेच्या चर्चा आता संकेतस्थळावर मिळतात. १९ मार्च १९९० चं दंडवत्यांचं अर्थसंकल्पाचं भाषणही केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्याच अधिवेशनाच्या सुरुवातीचं राष्ट्रपतींचं अभिभाषण घ्या, त्यात सरकारने काय करायचं ठरवलं होतं ते ओळीने सापडेल. मुलांना अभिभाषण आधी द्या आणि अर्थसंकल्प नंतर. अभिभाषणातल्या कुठल्या वाक्याला अर्थसंकल्पात पैसे मिळाले ते त्यांनी स्वतः शोधायचं. ७ नोव्हेंबरची विश्वासठरावावरची चर्चा बारावीला द्या. सगळ्या पक्षांची माणसं त्यात बोलली आहेत आणि गटसचिवांचे बरेचसे आक्षेप त्यात सापडतील.

गटसचिव, पाटली गहाण ठेवणाऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते मला मान्य आहे. तेव्हा आमच्या बैठकीत हा मुद्दा एका शेतकऱ्यानेच काढला होता आणि आम्ही त्याला निवडणूक तोंडावर आहे म्हणून गप्प बसवलं होतं. सेंट्रल हॉलबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचं आहे, तिथलं जे चाललं ते दंडवते आणि आम्ही त्यांची माणसं कसं बघत होतो ते सांगण्यासारखं आहे. त्यासाठी वेगळा धागा काढतो, बाईंच्या मुलांच्या धाग्यावर नको.